बिनसावलीचा सोबती

पारोळ्याला गाडी थांबली, कंडक्टर चहाला उतरला, आणि नुसतं बसून करायचं काय म्हणून धुरपदाबाईंनी गोष्टीचा विषय काढला. मांडीवर फडक्यात बांधलेले कानबाईच्या नैवेद्याचे रोट होते, ते जरा सावरून त्या म्हणाल्या, "काही म्हन, आपली निळी घालीन माळ त मैनाकाच्याच गळ्यात. नई घातली त त्या लिहिनाऱ्याले अक्कल नई असं समजजो." शेजारी नात, कुमुद, खिडकीच्या गजाला कपाळ टेकून किल्ल्याच्या भिंतीकडं पाहत होती. तिनं मान वळवली नाही. तशीच म्हणाली, "मग तिनं मैत्री कुणाशी करायची, आजी?"

एवढंच. पोरगी रागानं बोलली नव्हती, उलटूनही बोलली नव्हती. पण धुरपदाबाईंना उत्तर सुचलं नाही, आणि नवल त्याचंच होतं. जळगावात त्यांच्या गल्लीत लहानथोर त्यांना अक्का म्हणे आणि अक्कांच्या तोंडी लागू नये असंही म्हणे. समोरच्याचं वाक्य निम्म्यात असताना यांचं उत्तर तयार, आणि तेही असं की माणूस घरी जाऊन जेवायला बसल्यावर त्याला ते झोंबायला लागे. आज मात्र "कोनाशी म्हन्जे," एवढं त्या म्हणाल्या आणि थांबल्या. तेवढ्यात कंडक्टर आला, घंटी वाजली, गाडी धुळ्याच्या वाटेला लागली. दोन्ही बाजूंनी कपाशीची हिरवी रानं मागं पळू लागली, आभाळ श्रावणातलं, राखेसारखं, आणि धुरपदाबाईंच्या छातीत कुणी बारीक खडा टाकावा तसा तो प्रश्न खाली खाली जात राहिला.

गोष्ट तशी पोराटोरांची. दर महिन्याला मासिकात तिचा एक भाग यायचा. तीन वर्षं झाली, आता एकच भाग उरला होता. नीलोत्पला नावाची राजकन्या. हे नाव घेताना दात दुखतात म्हणून धुरपदाबाईंनी तिला पहिल्याच दिवशी निळी करून टाकलं होतं. निळीचा बाप एका जखिणीनं दगड करून ठेवलेला, आणि तो सोडवायला निळी सात डोंगर ओलांडून निघालेली. बरोबर मैनाक, नावाड्याचा पोर. पहिल्याच डोंगरावर निळीचा जीव वाचवायला त्यानं आपली सावली जखिणीकडं गहाण ठेवली, तेव्हापासून तो बिनसावलीचा. बिनसावलीच्या माणसाला कुणी दारात उभं करत नाही, कुत्री अंगावर येतात, आया पोरं आत ओढतात. म्हणून उन्हात तो निळीच्या सावलीत पाय ठेवून चालायचा. पुढं चौथ्या डोंगरावर राजपुत्र रत्नकेतू भेटला, घोडा, तलवार, सगळं यथास्थित. आणि तेव्हापासून धुरपदाबाईंच्या ओट्यावर दोन तट पडले. शेजारच्या किराणावाल्याची चंदनबाई राजपुत्राच्या बाजूची. ज्वारीच्या बिबड्या थापता थापता ती म्हणायची, "अक्का, जिसकी छाया ही नहीं, उसको छोरी कौन देगा?" आणि धुरपदाबाई म्हणायच्या, "सावली काय चाटायची हाय का? घोड्यावरचा काल आला. हा पयल्या पावलापासून संगं हाय. संगं चालला तोच नवरा." ओटा हसायचा. सून मंदाबाई, कुमुदची आई, मान खाली घालून थापत राहायची.

वाचून दाखवायचा तो लोटन. त्याचे वडील जळगावला मास्तर असताना हे कुटुंब धुरपदाबाईंच्याच खालच्या खोल्यांत बरीच वर्षं भाड्यानं होतं. लोटन नि कुमुद एका पायरीवर बसून पाढे म्हणत मोठे झाले. मग मास्तरांची बदली धुळ्याला झाली, लोटन तिथंच कॉलेजात प्रयोगशाळेत कामाला लागला, पण मासिक आलं की पुढच्या शनिवारी तो एस्टीनं जळगावला हजर. बायका पीठ मळत, वाती वळत बसायच्या आणि तो वाचायचा, जखिणीचा आवाज वेगळा, घोड्याचं खिंकाळणं वेगळं. मधेच कुमुद त्याला अडवायची, "हे तू घुसडलंस." मग दोघं भांडायची, तीही कशी, एकाच दोरीची दोन टोकं ओढल्यासारखी. ते भांडण ऐकता ऐकता धुरपदाबाईंनी मनात एक बेत धरला होता. पोर आपल्यातलं, कूळ दुसरं, लोटनशी कुमुदचं जुळवायला काही आडकाठी नाही. वरणगावच्या फॅक्टरीतला गिरधर नावाचा मुलगा कुमुदला पाहून गेला होता, त्याच्याकडून होकारही आला होता. मुलगा वाईट होता असं नाही, पण पाहुणा होता. दोन घटका बसला, पोहे खाल्ले, पाणी मागितलं, गेला. असल्या माणसाच्या हाती पोर द्यायची म्हणजे बाजारात झाकल्या टोपलीचा सौदा. त्यांनी थोरल्या पितांबरला, कुमुदच्या वडिलांना, सांगितलं, वरणगावला आठ दिवस काही कळवू नको. धाकटा मुलगा रुपचंद धुळ्याला कचेरीत, त्याला कानबाईला रजा मिळाली नाही, त्याचे रोट पोचवते म्हणून त्या निघाल्या आणि कुमुदला बरोबर घेतलं. रोट रुपचंदला द्यायचे होते हे खरंच होतं. पण आधी भागाबाईच्या, लोटनच्या आईच्या, घरी जायचं आणि शब्द टाकूनच यायचं, हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगायची त्यांना सवयही नव्हती.

कारण त्यांना ठाऊक होतं त्या काय करताहेत. त्यांचं स्वतःचं लग्न तसंच झालं होतं. त्यांच्या वयाच्या बायका विहिरीवर आपापल्या नवऱ्यांची गाऱ्हाणी सांगायच्या, तेव्हा धुरपदाबाई घागर कडेवर घेऊन मान ताठ करून म्हणायच्या, "मी त ओळखीचा केला." सुपडू, त्यांचा नवरा, लहानपणी आपल्या मामाच्या घरी शिकायला राहिलेला, आणि मामाचं घर त्यांच्या भिंतीला भिंत. धुरपी तेव्हा परकऱ्या पोरींतली सगळ्यात आडदांड. मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्यावर दोघं पाय सोडून बसायची, कच्ची केळी राखेत भाजून खायची, आणि सुपडू कोळशानं भिंतीवर अक्षरं काढायचा. तिला जे काही वाचता येतं ते त्या भिंतीवरचं. भुलाबाईच्या दिवसांत पोरी खिरापत ओळखायला बसल्या की तो कुडामागून वास घेऊन तिला खूण करायचा, गालावर हात म्हणजे गूळ, कानावर हात म्हणजे खोबरं, आणि धुरपी दरवर्षी जिंकायची. एकदा मळ्यातून परतताना दिवस बुडाला, तर तो मधेच थांबला आणि म्हणाला, "धुरपे, मले अंधाराचं भेव वाटते. कोनाले सांगू नको." तिनं कुणाला सांगितलं नाही. त्याच्या पुढं चालत राहिली आणि मोठ्यानं बडबडत राहिली, म्हणजे त्याला आवाजाच्या मागं मागं येता यावं. मग लग्न ठरलं तेव्हा तिला हसूच आलं होतं. इतर पोरी रडत होत्या, ही हसत होती. आता खेळ मोडून कधी घरी जायला नको, एवढंच तिला कळलं होतं.

गाडीनं खड्डा घेतला, रोटांचं गाठोडं उसळलं, धुरपदाबाईंनी दोन्ही हातांनी धरलं. मग काय झालं होतं? त्यांनी कधी मागं वळून हा प्रश्न विचारला नव्हता, कारण सुखाला कुणी प्रश्न विचारत नाही. नवरा दारू प्यायला नाही, हात उगारला नाही, केळीचे बाग वाढवले, जळगावला घर बांधलं. पण हळद उतरली त्या दिवसापासून त्यानं तिला धुरपे म्हणून हाक मारली नव्हती. सासू बसलेली, दीर बसलेले, नाव कसं घ्यायचं? आधी "अवो", मग "ऐकलं का", मग पोरं झाल्यावर "पितांबरची माय". तीही त्याला तू म्हणायची थांबली. पदर पुढं आला, तो समोरून आला की ती बाजूला व्हायची. रात्री खोलीत दोघंच असत तेव्हा तरी? तेव्हाही दोघंच नसत, दाराबाहेर सगळं घर असे. आणि खरं सांगायचं तर जे व्हायचं ते अंधारात भाऊ-बहिणीनं शरमावं तसं मुकाट्यानं व्हायचं. तिला त्याच्या हाताची सवय होती, त्या हातानं तिला झाडावर चढवलं होतं. त्या हाताचं तिला भय वाटलं नाही, तसं दुसरंही काही वाटलं नाही.

एका वर्षी वादळात केळीचा अख्खा बाग आडवा झाला. माणसं घरी रडत होती, सुपडू एकटाच शेतात जाऊन उभा राहिला होता. ती मागोमाग गेली. सून असून, डोक्यावर पदर नीट नाही, चिखलातून. पडलेल्या झाडांत तो पाठमोरा उभा होता, खांदे उतरलेले, अगदी तोच, वाटेत थांबलेला पोरगा. ती जवळ जाऊन हळू म्हणाली, "भेव वाटते का?" त्यानं वळून पाहिलं. डोळ्यांत काहीतरी हललं, क्षणभर वाटलं येतोय, आवाजाच्या मागं मागं येतोय. मग त्याला बांधावरचा सालदार गडी दिसला. "बायकायचं शेतात काय काम?" तो म्हणाला. "घरी जा." ती घरी आली. चूल पेटवली. त्यानंतर तिनं त्याला तसं काही विचारलं नाही, आणि तो शेवटचा आजारी पडला तेव्हा सगळ्यांना बाहेर काढून एकटी उशाशी बसली होती. मनात एकच होतं, आता कुणी नाही, आता तरी धुरपे म्हणेल. त्यानं डोळे उघडले आणि म्हणाला, "पाणी." तिनं दिलं. हात जराही हलला नाही. सगळे म्हणाले, काय खंबीर बाई.

"आजी, तुम्ही रडताय का?" कुमुदनं विचारलं.

"वारा लागते," धुरपदाबाई म्हणाल्या. "खिडकी लाव." मग गाडीच्या खडखडाटात, पुढं पाहत, जशी काही भाजीचा भाव विचारावा तशा आवाजात त्यांनी विचारलं, "तुले वरनगावचा आवडला काय व?"

कुमुदचे कान लाल झाले. तिनं खिडकी ओढून घट्ट लावली. मग म्हणाली, "त्यांनी पाणी मागितलं ना, तेव्हा माझा हात असा थरथरला की अर्धा पेला ताटलीत सांडला. तुम्ही पाहिलं नाही. लोटनला मी किती पाणी दिलं असेल आजवर."

"मग लोटन?"

"लोटन आहेच की," कुमुद म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिचा आवाज फिरला. "नाही राहणार ना, आजी? वरणगावला त्यानं येऊन काय सांगायचं, मी हिचा कोण? त्याच्याशी लग्न केलं तरी तो जाईल आणि दुसऱ्याशी केलं तरी जाईल. म्हणून मला तो शेवटचा अंक वाचायचाच नाहीये."

धुरपदाबाईंनी गाठोड्यावर हात फिरवला. फडक्यातून रोटांच्या कडा हाताला लागत होत्या. आदल्याच रविवारी घरात कानबाई बसली होती, कुळातल्या एकेका पुरुषाच्या नावानं गहू दळला होता, रोट भाजले होते. हे रोट भाऊबंदांनीच खायचे, पौर्णिमेच्या आत संपवायचे, परक्याला तुकडा द्यायचा नाही. लग्न होऊन गेलेल्या लेकीलासुद्धा नाही, ती दुसऱ्या कुळाची झाली. लोटन खालच्या खोलीत राहायचा तेव्हा या दिवसांत मुद्दाम स्वयंपाकघराचं दार लोटून घेत, पोर वासानं येईल म्हणून. ज्यानं रोट खाल्ला तो कुळातला. कुळातला तो भाऊ. भावाला बहिणीच्या सासरी कुणी अडवत नाही. आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, तो मुऱ्हाळी होऊन बहिणीला माहेरी आणायला जातो, जाताना खांद्यावर पिशवी, आणि सासू स्वतः पाय धुवायला पाणी देते. धुरपदाबाई ताठ बसल्या. जगात सोबत्याला बसायला पाट नाही, पण भावाला आहे. मग द्यावा पाट. लिहिणाऱ्याला जे सुचलं नसेल ते आपण करावं. आपल्या हुशारीचं त्यांना नेहमी वाटायचं तेवढं कौतुक वाटलं आणि छातीतला तो खडा क्षणभर हलका झाला.

धुळ्याला उतरून त्या रिक्षानं गल्लीत पोचल्या तेव्हा भागाबाई दारातच उभी होती, नवं लुगडं नेसून. तिला कुणी सांगितलं असेल कोण जाणे. पण नातीला घेऊन अक्का स्वतः घरी येतात, याचा अर्थ कुणालाही कळतो. "या अक्का, या. आज कुठी वाट चुकल्या?" म्हणत तिनं सतरंजी झटकून टाकली, कुमुदच्या पाठीवरून हात फिरवला, आणि तो हात गरजेपेक्षा जरा जास्त वेळ राहिला. "किती वाळली व पोर. जळगावले खाऊ घालत नई काय?"

"खाते मस्त. तोंड चालवन्यात जिरते सारं," धुरपदाबाई म्हणाल्या.

"मंग आम्च्या घरी आली त भरीन," भागाबाई हसून म्हणाली आणि लगेच चुलीकडं वळली, जास्त बोललं गेलं असं वाटून.

लोटन आतून आला, हातावर कसल्या तरी औषधाचे पिवळे डाग, शर्ट आत्ताच बदललेला, गुंडी चुकलेली. कुमुद म्हणाली, "गुंडी." त्यानं खाली पाहून नीट लावली. दोघं भिंतीला टेकून बसली, जशी पायरीवर बसायची तशी. "अंक आला का रे?" तिनं विचारलं, आणि लगेच, "नको, सांगू नको." मग, "बरं, सांग."

"आला," तो म्हणाला. "मैनाकाला सावली परत मिळाली."

"आणि माळ?"

"माळ रत्नकेतूला." तो पायाच्या अंगठ्याकडं पाहत होता. "मैनाक होडी घेऊन नदीवर गेला परत."

धुरपदाबाईंनी त्याच्याकडं पाहिलं. हे खरंच छापलं होतं, की यानं घुसडलं होतं, ते आज कुमुदनंही विचारलं नाही. बाहेर ढग दाटले होते. घरात असा उजेड होता की कुणाचीच सावली पडत नव्हती. धुरपदाबाईंनी गाठोड्याची गाठ सोडली. वरचा एक रोट उचलला, त्यावर गुळाचा खडा ठेवला, आणि हात लांब केला. "घे रे."

चुलीपुढं भागाबाईचा हात थांबला. तिलाही तिच्या घरची कानबाई होती, तिला शिकवायला नको होतं. "अक्का," ती म्हणाली, "हा कानबाईचा ना? हा आमाले कसा चालीन?"

"त्याले चालते," धुरपदाबाई म्हणाल्या. आवाज नेहमीचा, ओट्यावरचा, ज्याच्यापुढं कुणी बोलत नसे. "तो आमच्या घरचा. उद्या वरनगावले कुमुदले आनाले कोन जाईन? पितांबरले बागातून सवड नई. हाच जाईन." आणि कुमुदकडं वळून, "तुह्या सासरी याले पाय धुवाले पानी दिलं नई त मले सांगजो. मी पाहून घेईन."

कुमुदला आधी कळलं नाही. मग कळलं, आणि तिच्या चेहऱ्यावर असा उजेड आला की धुरपदाबाईंना वाटलं, जन्माला आल्याचं सार्थक झालं. ती लोटनकडं वळून म्हणाली, "घे ना. घे लवकर." भागाबाई चुलीकडं तोंड करून फुंकणी फुंकत होती, चूल पेटलेली असून फुंकत होती.

लोटनचा हात पुढं आला होता. तो रोटापासून वीतभर अंतरावर थांबला. फार वेळ नाही, एखादं पाखरू फांदीवर टेकावं की नाही असं करतं, तेवढाच. मग त्यानं रोट घेतला, कपाळाला लावला आणि खायला बसला. कोरडा, जाड रोट. तो सावकाश खात होता, नीट चावून, प्रत्येक घास गिळून. कुमुद त्याला सांगत होती आखाजीला आधीच कसं निघायचं, वरणगावहून भुसावळला कोणती गाडी धरायची. तो मान हलवत होता. मांडीवर पडलेले कण त्यानं बोटाच्या टोकानं एकेक वेचले आणि तेही खाल्ले. काही उरू दिलं नाही.

"पाणी," तो म्हणाला.

कुमुद उठली, माठातून तांब्या भरून आणला, बोलता बोलता त्याच्यापुढं धरला. धुरपदाबाई पाहत होत्या. पोरीचा हात स्थिर होता, दगडासारखा, तांब्यातलं पाणी हललंसुद्धा नाही. मग तांब्या लोटनच्या हातात गेला. काठावरून पाणी डचमळलं, त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं, शर्टाची नुकती लावलेली गुंडी भिजली. त्यानं दुसरा हात खाली लावला, तरी थांबेना.

"सांडतोस काय, वेंधळ्या," कुमुद हसली.

धुरपदाबाईंनी फडक्याची गाठ बांधायला घेतली. खाल्लेला रोट परत येत नाही, भाऊ झाला तो झाला. गाठ बसेना. बांधली की सुटत होती.